गोधडी पुरी करताना: थर, टीप आणि काठाची पट्टी

अर्धवट राहिलेली गोधडी नीट पुरी कशी करायची, हा प्रश्न इंदूरच्या एका ताईंचा आहे. जुन्या सुती साड्या, बाग प्रिंटचे (बाग गावच्या छपाईचे) तुकडे आणि एका माहेश्वरी साडीचा पदर जोडून त्यांनी ६० बाय ९० इंचांचा गोधडीचा वरचा थर शिवला आहे. आत घालायला २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅमचं) पॉलिफिल, म्हणजे पॉलिएस्टरचं भरण, आणून ठेवलं आहे, घरी काळं पायमशीन आहे. याआधीच्या छोट्या गोधडीत अस्तराला मागून चुण्या पडल्या, काठ लाटांसारखे उठले आणि कोपरे बोथट आले, म्हणून हे काम कपाटातच राहिलं. सोबत टेबल मॅट, चेनचे पाऊच आणि गरम भांडी धरायचे पॅडही अर्धवट आहेत.

ताई, या तीन दोषांपैकी निव्वळ पट्टी लावताना झालेला दोष एकच, तो कोपऱ्यांचा. अस्तराच्या चुण्या थर लावतानाच पडलेल्या असतात. काठाच्या लाटा बहुतेक वेळा गोधडी काटकोनात न कापल्यामुळे आणि पट्टी ताणून लावल्यामुळे येतात. म्हणून माझा आग्रह असा, की एकूण वेळेतला निम्मा वेळ पहिली टीप मारण्याआधी खर्च करा. तिथे घाई केली तर ती पुढे कुठेही भरून निघत नाही.

वरचा थर उलटा करून उजेडात धरा. प्रत्येक जोड दोन्ही हातांनी हलका ओढून बघा, टाके उघडे पडताना दिसले तिथे आत्ताच दुसरी टीप मारा. माहेश्वरीकडे जास्त लक्ष द्या. तिचा ताणा (उभे धागे) रेशमी आणि बाणा (आडवे धागे) सुती असतो, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे पटकन सुटतात आणि पाव इंचाची दाब (शिवणीबाहेर सोडलेली कड) धुण्यात उकलते. पदराच्या तुकड्यामागे त्याच मापाचं धुतलेलं मलमल कच्च्या दोऱ्याने लावून टाका आणि त्या जोडांना आतून दुहेरी टीप द्या. लोंबणारे धागेही आत्ताच कापा. फिकट कापडाखाली राहिलेला लाल धागा नंतर कायमचा दिसत राहतो.

बाग प्रिंटचा रंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. धार जिल्ह्यातल्या बागचा लाल रंग तुरटी आणि अलिझरीन या रंगद्रव्याचा, काळा हिराकसाचा, म्हणजे लोखंडाच्या क्षाराचा. नवं कापड असेल तर जादा लाल पहिल्या काही धुण्यांत निघतो. ओलं पांढरं सुती फडकं लाल भागावर ठेवून त्यावर मिनिटभर गरम इस्त्री दाबा. फडक्यावर गुलाबी डाग आला तर अस्तर पांढरं घेऊ नका आणि पुरी झालेली गोधडी पहिल्यांदा भरपूर थंड पाण्यात, एकटीच धुवा. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून असा रंग पक्का होत नाही. खरा घात होतो तो ओलं कापड घडी घालून बादलीत पडून राहिलं की, तेव्हा ते लगेच पिळून पसरायचं. जुन्या बाग साडीचे तुकडे असतील तर काळ्या नक्षीवर हलकेच नख फिरवून बघा. हिराकसामुळे सूत वर्षानुवर्षे कमजोर होत जातं आणि कापड फाटायला सुरुवात काळ्या भागातूनच होते. तिथे मागून मलमलचा तुकडा लावा.

अस्तराचं माप काढू. वरच्या थरापेक्षा चारही बाजूंना ४ इंच जास्त हवं, म्हणजे ६८ बाय ९८. ४४ इंच पन्ह्याचं केंब्रिक (दाट विणीचं साधं सुती कापड) घेतलंत तर ९८ इंचांचे दोन तुकडे, म्हणजे १९६ इंच, साधारण ५ मीटर. सुती कापड धुतल्यावर ३ ते ५ टक्के आटतं, म्हणून साडेपाच मीटर घ्या. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटकडे, कापडबाजारात, फेरी होणार असेल तर बेडशीटचं ९० इंच पन्ह्याचं सुती कापड विचारा, ते पावणेतीन मीटरमध्ये भागतं आणि मध्ये जोड येत नाही. कोणतंही घ्या, आधी धुवून, वाळवून, इस्त्री करा. जोड द्यायचा असेल तर दोन्ही काठ कापून टाका. काठाची वीण घट्ट असते, ती वेगळी आटते आणि जोडावर कायमची सुरकुती धरते. जोड अर्ध्या इंचाचा ठेवा आणि दाब दोन्हीकडे उघडून इस्त्री करा.

२०० जीएसएमचं पॉलिफिल या गोधडीत घालू नका, असं मी स्पष्टच सांगेन. घरगुती मशीनच्या सुईपासून उजव्या खांबापर्यंत जेमतेम सहा-सात इंच जागा असते आणि मधली रेघ शिवताना ३० इंचांची गुंडाळी त्यातून न्यायची असते. २०० जीएसएमची गुंडाळी तिथे अडकते, कापड ओढलं जातं, सुई वाकते. १०० जीएसएमचं घ्या. डिसेंबर-जानेवारीत इंदूरला पारा दहाच्या आसपास आणि कधी त्याखाली जातो, तेवढ्याला ते पुरतं. दुसरा मार्ग आपल्या जुन्या पद्धतीचा: आत धुतलेल्या सुती साडीचे किंवा धोतराचे तीन-चार थर. गोधडी जड होते, पण अंगाला चिकटून बसते आणि मशीनखालून सहज सरकते. आणलेलं पॉलिफिल वाया जात नाही, हाताने जागोजागी गाठी मारून केलेल्या रजईला ते उत्तम. साडीचे थर घालायचे ठरलं आणि दिवस पावसाचे असतील, तर ते आधी कडक उन्हात वाळवा. सर्द कापड आत गेलं की बुरशीचे ठिपके बाहेरच्या कापडापर्यंत येतात.

आता थर लावणं. फरशी पुसून कोरडी करा आणि अस्तर सुलट बाजू खाली करून पसरा. चारही बाजूंच्या मध्यावर चिकटपट्टी लावा, मग कोपऱ्यांवर, मग दर फूटभर अंतरावर. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. चिकटपट्टी काढल्यावर कड आत सरकली तर ते ताणलं होतं असं समजा. ताणलेलं अस्तर गोधडी उचलताच मूळ मापाला येतं आणि वरच्या थराला चुण्या पाडतं. उलट, सैल राहिलं तर मागून चुण्या पडतात, मागच्या वेळी तुमच्याकडे झालं ते हेच. त्यावर भरण पसरा आणि हाताने मध्यापासून कडेकडे सारखं करा. पॉलिफिल घडीतून काढल्या काढल्या वापरू नका, रात्रभर मोकळं पसरून ठेवा, मोड निघून जाते. त्याला गरम इस्त्री लावायची नाही, ते बसतं ते बसतंच. सगळ्यात वर तुमचा जोडलेला थर, सुलट बाजू वर, मध्यरेषा अस्तराच्या मध्यरेषेवर जुळवून.

सेफ्टीपिना लावत असाल तर दर चार इंचांवर एक, मध्यापासून बाहेर. पसरलेला पंजा कुठेही ठेवला तरी त्याखाली पीन आली पाहिजे. एवढ्या मापाला साडेतीनशेच्या आसपास पिना लागतात, म्हणून बऱ्याच जणी कच्चा दोरा घालतात, आणि पायमशीनला तो बरा पडतो, कारण पिना काढायला मध्ये थांबावं लागत नाही. लांब सुई, पांढरा दोरा, दीड-दोन इंचांचे टाके, ओळींत चार-पाच इंच अंतर. आधी मध्यातून उभी आणि आडवी अशी ओळ, मग बाकी. गडद दोरा घेऊ नका, तो उसवल्यावर फिकट कापडावर रंगाचे ठिपके राहू शकतात. झाल्यावर चिकटपट्टी सोडा, गोधडी उलटी करा आणि अस्तरावरून तळवा फिरवा. झोळ हाताला लागला तर तेवढा भाग उसवून पुन्हा घाला. ही दहा मिनिटांची तपासणी टाळू नका.

मशीनला १६ नंबरची नवी सुई लावा आणि वर-खाली एकाच प्रतीचा सुती दोरा घ्या. टाका नेहमीपेक्षा मोठा ठेवा, इंचाला ८ किंवा मिलिमीटरच्या मापात ३ ते साडेतीन. मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या दांड्यावरचा दाबाचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करा. दोरा ओवताना पाय वर उचललेला असू द्या. पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या बंद असतात, दोरा त्यांत बसत नाही आणि मागून दोऱ्याचं जाळं होतं. त्याच कापडांचा, त्याच भरणाचा सहा इंचांचा नमुना करून त्यावर टीप मारून बघा. मागे फासे दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे, खालचा दोरा वर डोकावला तर घट्ट.

मशीनचे दात फक्त खालचा थर पुढे ओढतात, वरचा थर मागे राहतो आणि पायासमोर साचत जातो. जिथे दोन टिपा एकमेकींना छेदतात तिथे पडणाऱ्या चुणीचं कारण हेच. वॉकिंग फूट नावाचा वेगळा पाय वरूनही कापड पुढे नेतो. तुमच्या मशीनला बसतो का ते विकत घेण्याआधी दुकानात जुना पाय नेऊन ताडून बघा, त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर नीट टेकली पाहिजे. तो नसेल तर दोन्ही तळवे सुईच्या दोन बाजूंना सपाट ठेवा, कापड बाहेरच्या बाजूला हलकं धरा आणि हळू चालवा. मागून ओढू नका. गोधडीचा भार मशीनच्या डावीकडे आणि मागे दुसऱ्या टेबलावर टेकलेला असू द्या. जमिनीकडे लोंबला तर टाके बारीक पडतात आणि सुई तुटते.

पहिली टीप उभ्या मध्यरेषेवर, दुसरी आडव्या. मग मध्यापासून एका कडेकडे, नंतर गोधडी फिरवून दुसऱ्या कडेकडे. समांतर टिपा एकाच दिशेने मारा. एक वरून खाली, शेजारची खालून वर, असं केलं की दोन टिपांमधलं कापड तिरकं ओढलं जातं. १०० जीएसएमला चार इंचांचं अंतर चालतं, साडीच्या थरांना तीन बरं. माहेश्वरीच्या पदरावर टिपा आणखी जवळ घ्या, दीड-दोन इंचांवर, म्हणजे रेशमाच्या उभ्या धाग्यांवर एकाच जागी ताण येत नाही. टीप कडेपर्यंत जात असेल तर टोकाला गाठ नको, पट्टीखाली ती दाबली जाते. मध्येच थांबली तर सहा इंच दोरा सोडा, दोन्ही दोरे मागे घेऊन गाठ मारा आणि सुईने थरांच्या आत ओढून घ्या.

हाताने धावदोरा घालणार असाल तर घाई नसणं एवढीच अट. गोधडीची जाड सुई, दुहेरी दोरा, मधल्या बोटाला अंगुस्तान. जुन्या गोधड्यांत कडा आधीच आत दुमडून शिवतात आणि पट्टी लागतच नाही. चार-सहा साड्यांच्या गोधडीला तोच शेवट मला सगळ्यात देखणा वाटतो.

टिपा झाल्यावर गोधडी थोडी आकसते, एक-दीड इंच कमी भरली तर घाबरू नका. आता ती काटकोनात आणायची. सुताराचा गुण्या आणि लांब पट्टी घ्या. रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. सगळ्यात लहान माप धरा, शक्यतो मधलं. कोपऱ्यावर गुण्या ठेवून टेलरिंग खडूने रेघा आखा आणि कापण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ६० बाय ९० ला कर्ण १०८ इंचांच्या आसपास येतो. दोन कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर रेघा पुन्हा आखा. मग रेघेच्या आत पाव इंचापेक्षा कमी अंतरावर तिन्ही थर धरून लांब टाक्याची टीप चारही बाजूंना मारा आणि मगच कापा. ही टीप कडेला पसरू देत नाही. काठाच्या लाटा थांबतात त्या इथे.

पट्टी. घेर ३०० इंच, कोपरे आणि शेवटच्या जोडासाठी १२ धरून ३१२. अडीच इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या ४४ पन्ह्याच्या कापडातून काढल्या की प्रत्येकी ४२ इंच वापरता येतात. सात पट्ट्या पुरत नाहीत, आणि तिरक्या जोडात दर वेळी अडीच इंच जातात ते धरून आठ लागतात. ६० सेंटिमीटर कापड घ्या. सरळ कडांना सरळ पट्टी चालते. उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली, हवीच ती गोल कोपऱ्यांना आणि वक्र कडांना. उरेबीचा आणखी एक गुण आहे: घडीवर एकच धागा घासला जात नाही, त्यामुळे रोजच्या वापरात ती जास्त टिकते. फक्त ती ताणली जाते, म्हणून लावताना ओढायची नाही. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून तो पट्टीला लावायचा मोह होतो. पण काठातली जरीची तार कोपऱ्यावर नीट वळत नाही आणि गळ्याला टोचते. तो पाऊचला ठेवा.

पट्ट्या तिरक्या जोडून, दाब उघडून, लांबीत दुमडून इस्त्री करा. सव्वा इंच रुंदी होईल. एका बाजूच्या मधूनच सुरुवात करा, कोपऱ्यावर नको. सुरुवातीला दहा इंच पट्टी मोकळी सोडा. पट्टीच्या दोन्ही उघड्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवून तीन अष्टमांश इंचावर, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटरवर टीप मारा. हे माप हिशेबाने येतं: सव्वा इंचातून तीन अष्टमांश दाबीत गेला, तेवढाच पुढे कडेपर्यंत, थोडा जाडीत, आणि उरलेला मागची टीप नेमकी झाकतो. दाब पाव इंच ठेवली तर पट्टी आत पोकळ राहते.

कोपऱ्याच्या आधी बरोबर तीन अष्टमांश इंचावर थांबा. खडूने खूण करून ठेवा, अंदाज नको. सुई खाली ठेवून गोधडी वळवा आणि कोपऱ्याच्या टोकाकडे तिरकी टीप मारून बाहेर पडा. आता पट्टी सरळ वर उचला, पुढच्या कडेच्या रेषेत. खाली ४५ अंशांची घडी पडेल. ती बोटाने दाबून धरा आणि पट्टी पुन्हा खाली आणा, अशी की वरची दुमड आधीच्या कडेशी तंतोतंत जुळेल. नवी टीप अगदी वरच्या कडेपासून सुरू करा. खुणेच्या पुढे जाऊन थांबलात तर घडी टिपेत अडकते आणि कोपरा गोळा होतो, मागच्या बोथट कोपऱ्यांचं कारण बहुधा हेच. अलीकडे थांबलात तर कोपऱ्यात फट राहते.

शेवटी दोन्ही टोकं दहा-दहा इंच मोकळी असतील. ती एकमेकांवर ठेवा आणि पट्टीच्या उलगडलेल्या रुंदीइतकी, म्हणजे अडीच इंच, चढण ठेवून जादा कापा. टोकं उलगडून काटकोनात एकावर एक ठेवा, तिरकी टीप मारा, बसतंय ना बघा, मगच पाव इंच ठेवून कापा. हाच जोड गडबडीत उलटा पिळला जातो, म्हणून कापण्याआधी एकदा सपाट करून बघायचं.

पट्टी मागे वळवून हाताने हेमिंग करा. दोरा हातभरापेक्षा लांब नको, टाके इंचाच्या आठव्या भागावर, सुई फक्त अस्तरातून आणि भरणातून. कोपऱ्यात आधी एक बाजू दुमडा, मग दुसरी, आणि तिरक्या फटीत दोन-तीन टाके घाला. रोज धुवायच्या, मुलांच्या गोधडीला मात्र मशीनच बरी. तेव्हा पट्टी आधी अस्तराच्या बाजूने लावायची, पुढे वळवायची आणि सुलटीवरून घडीच्या काठाशी टीप मारायची.

छोट्या कामांचं थोडक्यात. टेबल मॅटला पट्टी लागत नाही: थर सुलटीवर सुलट ठेवून कडेने शिवा, लांब बाजूला चार इंच उघडं सोडा, कोपरे टाक्यापासून दोन मिलिमीटर राखून तिरके कापा, उलटा, विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने कोपरे बाहेर काढा आणि सगळीकडून पाव इंचावर टीप मारली की उघडी जागा आपोआप बंद होते. पाऊचची चेन अस्तर शिवण्याआधी निम्मी उघडून ठेवा, नाहीतर पाऊच उलटता येणार नाही. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाचे छोटे तुकडे लावून चेन बाजूच्या शिवणीच्या अलीकडेच संपवा, कोपरे चेपलेले दिसणार नाहीत.

गरम भांड्यांच्या पॅडमध्ये पॉलिफिल अजिबात नको. ते उष्णतेने वितळतं आणि हाताला चटका बसतो. जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर आणि सुती कापड घाला, दोराही सुतीच. पॅड गोल असतील तर उरेब पट्टी, आणि लावताना पट्टी किंचित सैल सोडा.

गोधडी पहिल्यांदा धुताना थंड पाणी, सौम्य साबण, ब्लीच नाही. पिळताना मुरगळू नका, गुंडाळून दाबा. ओली असताना तिचा सगळा भार एका दोरीवर आला की टिपा ओढल्या जातात. दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरा, उलटी बाजू वर, सावलीत, आणि निम्मी वाळली की पालटा.